ईस्टरपर्यंतचा सुळा

"आ कर."

"डॉक्टर बघतील ना, सिस."

"डॉक्टरांच्या आधी मी बघते. मोठा आ कर. एरवी तुझं तोंड मिटत नाही."

एल्रिकोने आ केला आणि मास्कमधूनही मला वास आला. माझा सख्खा धाकटा भाऊ, अजून चाळिशीही गाठली नाही आणि तोंड म्हाताऱ्या खेचराचं. वरचे पुढचे चार दात नाहीत. दाढांच्या जागी हिरडीलगत काळे खुंट. शाबूत म्हणावेत असे वर फक्त दोन सुळे, आणि त्यांतला उजवा मी बोट लावताच हलला. त्याच्या मुळाशी पू भरला होता. गाल इतका सुजला होता की त्या बाजूचा डोळा अर्धा मिटला होता. अशी तोंडं मी क्लिनिकमध्ये रोज बघते. आमच्या केप फ्लॅट्सवर बाकी काही पिकत नाही, पण टिक नावाची स्वस्त नशा ओढून कुजलेल्या तोंडांचं पीक एकाही वर्षी बुडलेलं नाही.

लोकांना वाटतं टिक दात खाते. ती दात खात नाही, थुंकी खाते. बल्बच्या काचेत ते पांढरे खडे घालायचे, खालून लायटर लावायचा, धूर ओढायचा, की तोंड कोरडंठाक पडतं. मग माणूस दोन-दोन दिवस झोपत नाही, जेवत नाही, नुसता दातावर दात करकरा घासत बसतो, आणि घसा सुकला म्हणून गोड कोल्ड्रिंकच्या बाटल्या ढोसतो. ब्रशची आठवण कुणाला राहते? किडीला याहून चांगलं घर सात जन्मांत मिळायचं नाही. हे मी शाळाशाळांतून जाऊन सांगते. मुलं खिदळतात, आणि काही वर्षांनी तीच मुलं याच खुर्चीत येऊन बसतात.

डॉक्टर गोव्हेंडर आत आली. डर्बनची पोर, सरकारी नोकरीचं सक्तीचं वर्ष आमच्याकडे भरायला आलेली. पेशंटशी इतकं गोड बोलते की ऐकून मला मधुमेह होईल.

"मिस्टर जोर्स्ट, हा सुळा आजच काढावा लागेल," ती म्हणाली. "पू वर चढतोय. डोळ्याकडे गेला तर जिवाशी खेळ आहे."

"मंगळवारी काढा, डॉक्टर."

"आज बुधवार आहे."

"रविवारी ईस्टर. सोमवारी सुट्टी. मंगळवारी मी आपण होऊन येतो. सगळे काढा, हवं तर जबडासुद्धा काढून ठेवून घ्या."

डॉक्टर माझ्याकडे बघू लागली. "ईस्टरला काय करायचंय यांना?"

"बाजा वाजवायचाय," मी म्हणाले. "पहाटे, कबरस्तानात. मेलेले उठतात का बघायला."

"कवळीची तार या सुळ्याला अडकते, डॉक्टर," एल्रिको म्हणाला. "सुळा गेला की कवळी गेली. कवळी गेली की ओठाला मागून आधार नाही, मग कॉर्नेटच्या भोंग्यात नुसती हवा जाते. पाद सोडल्यासारखा आवाज येतो. माफ करा."

"बैल गेला आणि झोपा केला," मी म्हणाले. "आख्खी बत्तिशी कुजवलीस तेव्हा काही वाटलं नाही, आणि आता एका सुळ्याचा एवढा कैवार?"

"उरलाच तेवढा म्हणून तर, सिस."

डॉक्टरने समजावलं, रागावायचा प्रयत्न केला, तो तिला जमला नाही. शेवटी तिने गोळ्या दिल्या आणि बजावलं की डोळा पूर्ण मिटला किंवा श्वास लागला तर तडक मोठं हॉस्पिटल गाठायचं. एल्रिकोने मान डोलावली. हा माणूस मान फार छान डोलावतो. आयुष्यात त्याने तेवढं एकच काम नियमित केलं आहे.

आता दातांचं सांगते. आमच्या गल्ल्यांत सोळा-सतराव्या वर्षी वरचे पुढचे चार दात काढून घ्यायची रीत आहे. दुखत नसतात, किडलेले नसतात, चांगले धडधाकट दात. का काढले म्हणून विचारा, उत्तर एकच: शोभतं. मग चर्चला आणि लग्नाकार्याला घालायला कवळी करून घ्यायची, ऐपत असेल तर तिच्यात सोन्याचा ठिपका. मीही काढले. माझी क्लिनिकची कवळी वेगळी, रविवारची वेगळी. दाखवायचे दात आणि खायचे दात वेगळे, हे हत्तीपेक्षा आम्हालाच जास्त लागू आहे.

एल्रिकोला मात्र पापांनी ते करू दिलं नाही. पापा चर्चच्या बाजाचे मास्तर होते, आणि कॉर्नेट वाजवणाऱ्याला पुढचे दात लागतात. "तुझे दात तुझे नाहीत, चर्चचे आहेत," असं ते त्याला दाढी येण्याच्या आधीपासून सांगत. त्यामुळे आमच्या गल्लीत स्वतःचे पुढचे दात असलेला तो एकटाच पोरगा होता. सगळे त्याला ससा म्हणायचे. पोरी तर त्याच्याकडे बघून नाक मुरडायच्या, जसं काही त्याला काही जास्तीचं उगवलं होतं. पण वाजवायचा असा की पापासुद्धा मान खाली घालून ऐकायचे, आणि पापा कुणासाठी मान खाली घालणारे नव्हते.

एका रविवारी हा जेवायला बसला आणि हसला, तर समोरचे दोन दात गायब. ममाने टाळी वाजवली. "शेवटी काढलेसच की रे! शोभतं हो तुला." दुसऱ्या कुठल्याही गावात आईला पोराचे दात गेलेले दिसले तर ती घाबरेल. आमच्याकडे अभिनंदन करतात.

पापांनी काटा खाली ठेवला. "काढून आलास?"

"हो," एल्रिको म्हणाला. तयार उत्तर ताटात वाढून आलं होतं, त्याने उचललं.

मी उठून त्याचा ओठ वर केला. काढलेल्या दाताच्या जागी हिरडी गुळगुळीत भरून येते. इथे खुंट होते. "हे काढलेले नाहीत, तुटलेत," मी म्हणाले. "हा टिक ओढतोय."

"क्लिनिकात जाऊन जाऊन तुला सगळीकडे टिकच दिसते," पापा माझ्यावर ओरडले. "माझा पोरगा नटवा आहे. नशेबाज नाही."

आणि नटवेपणासाठी त्यांनी त्याला बाजातून काढलं. चर्चचे दात फॅशनपायी उपटले म्हणून! वर्षभर आमच्या घरात भांडण चाललं ते फॅशनवरून. ममा म्हणायची, सगळेच काढतात, पोराला किती छळाल. पापा म्हणायचे, देवाची वस्तू होती. आणि ज्या पोराला दर आठवड्याच्या सरावापुरती का होईना जायला एक जागा होती, तो आता सगळ्याच संध्याकाळी कोपऱ्यावरच्या पत्र्याच्या खोलीत जाऊन बल्ब तापवू लागला. अशी शहाणी माणसं माझी.

खरं काय ते पापांना कळलं घरातले पितळी नळ नशेपायी विकले गेल्यावर. मग इस्त्री गेली, मग ममाचा चर्चला घालायचा कोट. एल्रिकोने पापांचं कॉर्नेट मात्र कधी विकलं नाही, असं लोक अजून कौतुकाने सांगतात. विकलं नाही, कारण ते चर्चच्या कपाटात कुलपात होतं. पापा गेले तेव्हा त्यांच्या कबरीवर सगळा बाजा वाजला. हा त्या वेळी कुठे होता, ते त्याला स्वतःलाही आठवत नाही.

गेल्या हिवाळ्यात मामाच्या ओळखीने तो डोंगरापलीकडच्या, व्यसन सोडवायच्या एका शेतावर राहून आला. तेव्हापासून त्याने टिक ओढलेली नाही. ममा म्हणते, सुटला. मी म्हणते, थांबलाय. तो परत आला तो लापशी खाणारा, चहात पाव बुडवून चोखणारा माणूस. सुपरमार्केटमध्ये मांडणीवर माल लावायच्या कामाला गेला, तर मॅनेजरने त्याचं तोंड बघितलं आणि जागा भरली म्हणून सांगितलं. 'माणूस पाहिजे'ची पाटी नंतरही दारावर होतीच. मला त्या मॅनेजरचा राग आला नाही. मीही त्याला ठेवलं नसतं.

मग तो अंकल सीलासकडे गेला. पापांच्या मागे बाजा सीलासकडे आला. सीलास म्हणजे वाळलेलं लाकूड, बोलतो तेही करवतीसारखं. तो म्हणाला, "ईस्टरच्या पहाटे तुझ्या बापाच्या कबरीपाशी पहिलं गीत पुरं वाजव. पुरं वाजलं तर बाजातली खुर्ची तुझी. नाही वाजलं तर परत विचारायला येऊ नकोस." कपाटातलं पापांचं कॉर्नेट त्याने काढून दिलं, आणि तेव्हापासून हा आमच्या मागच्या अंगणात दोन सुळ्यांवर कवळी लटकवून फुंकत होता. शेजाऱ्यांच्या कुत्र्यांनी जागा बदलल्या.

शनिवारी आम्ही कबरी पांढऱ्या करायला गेलो. ईस्टरच्या आदल्या दिवशी आख्खी वस्ती चुन्याचे डबे, खराटे आणि शेवंतीची फुलं घेऊन कबरस्तानात येते. वर्षभर ज्यांनी मेलेल्यांकडे ढुंकून बघितलेलं नसतं ते सर्वांत जास्त फुलं आणतात. आंटी मेव्हिस शेजारच्या रांगेत नवऱ्याची कबर झाडत होती. जिवंतपणी त्याच्या अंगावरचा सदराही तिने कधी झाडला नव्हता.

"काय गं लव्होना," तिने मला हाक मारली, "उद्या तुझा भाऊ वाजवणार म्हणे. कानात कापूस घालून येऊ की हातात रुमाल घेऊन येऊ?"

"दोन्ही आण, आंटी. आणि तुझ्या नातवालाही आण. आमच्या खुर्चीत बसला की फार रडतो बिचारा."

मेव्हिस खराट्याकडे वळली. ममाने मला कोपराने ढोसलं, पण तीही ओठ दाबून हसत होती.

एल्रिको नळापाशी उकिडवा बसला होता, ओला रुमाल गालाला लावून. डोळा अजून मिटला नव्हता, पण गाल लाल होऊन चकाकत होता. मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"दाखव."

"नको. आहे अजून जागेवर."

"मला एक सांग. वाजवलंस तर काय होणार आहे? पापा उठून शाबासकी देणारेत?"

"खुर्ची मिळेल."

"लाकडाची खुर्ची. तिच्यापायी मरशील का?"

त्याने रुमाल परत नळाखाली धरला. "सिस, तुला क्लिनिक आहे. ममाला स्वयंपाकघर आहे. मी सकाळी उठून कुठे जाऊ? सरावाच्या दोन संध्याकाळी तरी मला कुणाच्या तरी डोळ्यांसमोर बसावं लागेल. बाकीच्या संध्याकाळी काढतो मी कशातरी. दात-ओठ खाऊन काढतो म्हणालो असतो, पण दात नाहीत."

आणि स्वतःच हसला, आणि हसताना दुखलं म्हणून कळवळला. असं बोलायला तो त्या शेतावर शिकून आला. तिथे म्हणे संध्याकाळी सगळ्यांना गोल बसवतात आणि मन मोकळं करायला लावतात. या लोकांची मनं मोकळी होतात आणि आमची घरं. पण त्या पत्र्याच्या खोलीवरून तो रोज डोकं खाली घालून, रस्ता ओलांडून पलीकडून जातो, हेही मी बघितलं होतं. ते मी त्याला सांगितलं नाही.

"गोळी घेतलीस का?"

"घेतली."

"मग बस तसाच. ममाला सांगते तुला चुना लावायला जमत नाही म्हणून. तसा आम्हाला तू भरपूर लावलायस."

रविवारी पहाटे सगळे कबरींच्या मधल्या वाटांवर उभे होते. अजून उजाडलं नव्हतं, फक्त पूर्वेकडे आभाळ फिकट होत होतं. बाजाची रांग पापांच्या कबरीच्या बाजूने लागली होती, पांढरे सदरे, काळे कोट. एल्रिको दोन म्हाताऱ्यांच्या मधे होता. पापांचा कोट त्याला खांद्यांवर ढगळ होत होता. कवळी घातली होती, आणि सुजेमुळे चेहरा अर्धा माझ्या भावाचा आणि अर्धा भलत्याच कुणाचा वाटत होता. ममाने माझा दंड धरला.

सीलासने हात वर केला. बाजा सुरू झाला.

मी लहानपणापासून ते गीत ऐकत आले आहे. पहिल्या ओळीत मला त्याचं कॉर्नेट ओळखू आलं नाही. दुसऱ्या ओळीत आलं. सूर फाटका होता, कडेने हवा गळत होती, पण होता जागेवर. लोक गाऊ लागले. ममा गातच नव्हती, नुसती त्याच्या ओठांकडे बघत होती आणि स्वतःचे ओठ आवळत होती. पहिला अंतरा संपला. पुरा वाजला. पापांइतका चांगला मुळीच नाही. एखादा पोरगाही याहून बरा वाजवील. तरी मीही मोठ्याने गाऊ लागले, आणि मला माझीच चीड आली.

दुसऱ्या अंतऱ्याच्या मधेच सूर तुटला. एल्रिकोची मान झटक्याने खाली गेली. त्याने तोंडापाशी हात नेला आणि कवळी बाहेर काढली. तारेत सुळा तसाच अडकलेला होता. एवढं दिसण्यापुरतं आता उजाडलं होतं. त्याने ते सगळं कोटाच्या खिशात टाकलं.

आमच्या बाजात दोन-तीन म्हातारे नेहमीच नुसते गाल फुगवून उभे असतात. बोटं हलवतात, फुंकत नाहीत. दम संपलेला असतो, पण रांग सोडवत नाही. सीलासला ते माहीत आहे आणि तो कानाडोळा करतो. एवढ्या भोंग्यांत एक कॉर्नेट मुकं झालं तर कुणाला कळणार होतं? मी मनात ओरडत होते, उचल, गाढवा. ओठाला लाव आणि बोटं हलव. जन्मभर खोटं बोलत आलास, आज एवढा एक अंतरा बोल.

त्याने कॉर्नेट वर उचललं नाही. छातीशी धरलं, तोंड खाली करून, जसं पापा विश्रांतीच्या मात्रांना धरायचे. आणि ताठ उभा राहिला. दोन्ही बाजूंना सगळे फुंकत होते आणि मधे हा एकटा, ओठ मिटून, हनुवटीवर लाल ओघळ घेऊन. गीताचे अजून बरेच अंतरे उरले होते. लोकांच्या माना वळू लागल्या. मेव्हिसने बाजूच्या बाईच्या कानात काहीतरी सांगितलं. तो हलला नाही. त्याची लाज वाटायची मला सवय आहे, ती मी त्या वेळी मनात पुष्कळ शोधली. सापडली नाही.

सूर्य वर आला, प्रार्थना झाली, लोक एकमेकांना ईस्टरच्या शुभेच्छा देऊ लागले. सीलास रांगेपाशी आला. मी आणि ममा तिथेच होतो.

"किती वाजलं?" त्याने विचारलं.

"एक अंतरा, अंकल."

"मी दीड ऐकला."

"दुसऱ्यातला धरू नका. तेव्हा दात निसटत होता." दाताशिवाय त्याचे शब्द ओले आणि बोबडे येत होते.

"नुसतं ओठाला धरून उभं राहायचं होतंस. बाकीचे राहतात."

"त्यांनी आधी पुष्कळ वाजवलंय, अंकल."

सीलास म्हणाला, "खुर्ची पुरं गीत वाजवणाऱ्याला. तुला सांगितलं होतं मी."

"हो, अंकल."

"कॉर्नेट कपाटात जाईल."

"फाटकापर्यंत नेऊ द्या मला. रांगेतनं."

सीलासने होकाराची मान हलवली आणि पुढे निघून गेला. मी एल्रिकोची हनुवटी धरून त्याचा डोळा बघितला. पापण्या जवळजवळ मिटल्या होत्या. "आत्ताच्या आत्ता हॉस्पिटलमध्ये जायचं," मी ममाला म्हणाले. "गाडी फाटकापाशी आणते. याला घेऊन ये."

"तो फाटकापर्यंत बाजाबरोबर येईल," ममा म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदाच तिने मला असं ठणकावून काही सांगितलं.

एल्रिकोने कॉर्नेट उलटं करून आतलं पाणी बाहेर काढलं. ते लाल होतं, आणि पापांच्या कबरीच्या कालच लावलेल्या चुन्यावर पडलं. तो खाली वाकला आणि कोटाच्या बाहीने पुसू लागला. डाग पसरला, मग चुनाच निघाला आणि खालचा सिमेंटचा काठ दिसू लागला. त्याने शेजारची मूठभर वाळू त्यावर टाकली आणि हाताने सारखी केली. तोवर रांग हलली होती. तो घाईने उठला, दोन म्हाताऱ्यांच्या मधल्या आपल्या जागेवर गेला, पावलाला पाऊल जुळवून घेतलं आणि कॉर्नेट छातीशी धरून फाटकाकडे चालू लागला.